आत्या पहिल्यांदा नागपूरला येतेय, गुडघे दुखतात, सोबत दोन पोरं, कुठलं जंगल दाखवू?

देवरुखची_लेक
१९ जानेवारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माहेर माझं देवरुखचं, लग्न होऊन नागपूरला आले त्याला अकरा वर्षं झाली, त्रिमूर्तीनगरात राहतो. आई मी सहावीत असताना गेली, बाबाही आता नाहीत, त्यामुळे माहेर म्हणजे आत्याच. तिनेच मला वाढवलं. या अकरा वर्षांत ती एकदाही माझ्या घरी आलेली नाही, दर वेळी काहीतरी निघायचं, कधी गाय व्यायली, कधी आंब्याला मोहोर आला, कधी गुडघे. आता फेब्रुवारीत येतेय, दहा दिवस राहणार आहे आणि तिकीटसुद्धा तिने स्वतःच काढलंय. मला अजून खरं वाटत नाहीये.

वय ७१. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं, उजवा दुखतोच. सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते, जिना कठडा धरून चढते, पण मांडी घालून बसता येत नाही आणि उंच पायरी असली की कोणीतरी हात द्यावा लागतो.

फोनवर विचारलं की आत्या काय बघायचंय, दीक्षाभूमी, रामटेक, फुटाळा, काय काय सांगितलं मी, तर म्हणाली ते सगळं बघू गो, पण तुमच्याकडचं रान दाखव. तिचं सगळं आयुष्य रानाच्या काठावर गेलंय. रात्री बिबट्या गोठ्यापाशी येऊन गेला की सकाळी मातीतलं पाऊल बघून सांगते केवढा होता ते, धनेश (आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात) कुठल्या झाडावर फळं खायला येतो ते तिला घराच्या पडवीत बसून ठाऊक असतं. वाघ मात्र तिने कधी बघितला नाही, आणि खरं सांगायचं तर तिने तो मागितलाही नाहीये. वाघाचं आमच्या घरातल्यांनीच डोक्यात घेतलंय. आमचे हे म्हणून राहिले की नागपूरला आलेल्या पाहुणीला वाघ नाही दाखवला तर काय दाखवलं, ताडोबाच्या तीन सफारी लागोपाठ बुक करून टाकू. लेक नऊ वर्षांची, तिला तर वाघच हवा. धाकटा चार वर्षांचा, तो गाडीत अर्ध्या तासात झोपतो नाहीतर ओरडतो.

मला नेमकं कळत नाहीये की तीन सफारी तिला झेपतील का, जिप्सीत चढणार कशी, धक्के किती बसतात, थंडी असते का त्या वेळी, आणि ताडोबा, पेंच, उमरेड, बोर यातलं या सगळ्या गोतावळ्याला बरं काय पडेल. ज्यांनी आपल्या घरचं वयस्कर माणूस नेलंय त्यांनी जरूर सांगा.

सातपुडा_७८
१९ जानेवारी

ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे असं माझं मत. आत्याबाई एवढ्या लांबून येऊन राहिल्या, परत कधी येतील सांगता येत नाही, मग ताडोबाच करा. एका सफारीत दिसला तर दिसला, तिनात शक्यता नक्कीच वाढते. कोलारा गेट आपल्याला उमरेड, भिसी, चिमूर असं जवळ पडतं, शंभराच्या थोडं वर किलोमीटर, मोहर्लीला जायचं तर चंद्रपूरकडून जास्त होतं. एक लक्षात ठेवा, मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, पुष्कळ लोक सोमवार-मंगळवार रिसॉर्ट बुक करून बसतात आणि मग हळहळतात.

फेब्रुवारी वाघासाठी सगळ्यात चांगला महिना नाही हेही सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पानगळ झालेली असते, पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, वाघ पाणवठ्यावर येऊन मागच्या अंगाने पाण्यात बसतो, तेव्हा सायटिंग भरपूर. पण ४५ डिग्रीत ७१ वर्षांच्या बाईंना उघड्या जिप्सीत चार तास बसवायचं मी कुणालाच सांगणार नाही, त्यामुळे फेब्रुवारीच बरा.

रानवाट_उमरेड
१९ जानेवारी

सातपुडा दादा, तुमचा मान ठेवून सांगतो, मला तीन सफारी लागोपाठ पटत नाही. मी उमरेडचा, लहानपणापासून करांडल्याच्या अभयारण्याच्या बाजूने फिरतो, आमच्या घरच्या दोघांच्या जिप्सी आहेत, पाहुणे रोज बघतो. सकाळच्या सफारीला साडेचारला उठायचं, अंधारात गेटवर उभं राहायचं, चार तास बसून परत यायचं, जेवलं न जेवलं की दुपारची. पहिल्या दिवशी संध्याकाळी लहान पोरं रडत असतात आणि म्हातारी माणसं पाठ धरून बसलेली असतात, काही बोलत नाहीत, कारण पोरांनी एवढा खर्च केला असतो बाप्पा. ते न बोलणं मला लय लागते.

ताई, जिप्सीचं सांगतो. मागच्या बाजूला चढायची पायरी उंचावर असते, म्हणून घरून एक लहान प्लास्टिकचं स्टूल न्या, ड्रायव्हरला सांगितलं की तो धरून उभा राहतो. मागे दोन बाक असतात, तिघं-तिघं बसतात. शेवटचा बाक उंच, दिसतं चांगलं, पण धक्के सगळे त्यालाच. आत्यांना पुढच्या बाकावर कडेला बसवा, पाठीला उशी, आणि दुखरा पाय ज्या बाजूला लांब करता येईल ती कडा निवडा. ड्रायव्हरला निघायच्या आधीच सांगायचं, भाऊ आम्हाला घाई नाही, हळू चालव. हे वाक्य ऐकून चांगल्या ड्रायव्हरला आनंदच होतो, खरंच सांगतो, कारण रोज त्याच्या कानाशी वाघ वाघ चालू असते.

आणि या वाघ-वाघपायी काय होते ते आमच्याकडेच झालं. ३१ डिसेंबर २०२४ला गोठणगावच्या बाजूला वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले आणि दोन्हीकडून जिप्सी लागल्या, तिला पोरांना घेऊन जायला वाटच नाही. ते व्हिडिओ सगळीकडे फिरले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण आमच्या गावची मान खाली गेली ते मी बघितलं. याच करांडल्यात नागझिऱ्याच्या जंगलातून चालत आलेला जय नावाचा वाघ होता, त्याच्यापायी देशभरातून लोक यायचे, २०१६ मध्ये तो नाहीसा झाला तो झालाच. त्याच्या नावाने गावात किती जणांच्या चुली पेटल्या, म्हणून आम्हाला वाघाची किंमत ठाऊक आहे, पण पाहुण्याला आल्याबरोबर वाघाच्या मागे पळवू नका.

माझं ऐकाल तर पेंच, सिल्लारी गेट. नागपूरहून जबलपूर रोडने सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, रस्ता चांगला, धाकट्याला झोप लागली की पोचलात. दोन रात्री राहा, सफारी एकच करा, दुपारची. दुपारची अशासाठी की सकाळी फेब्रुवारीतही उघड्या गाडीत हुडहुडी भरते आणि थंडीत गुडघा आखडतो. आणि तारीख अमावास्येजवळची धरा. महाशिवरात्रीला लागूनच अमावास्या असते, ते दिवस बघा. काहून ते सांगतो. २०२४च्या जानेवारीत पेंचला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, भारतातलं पहिलं. सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून लावलेत, वर उजेड जातच नाही. अंगणात खुर्ची टाकायची, ब्लँकेट घ्यायचं, वर बघायचं. त्याला गुडघे लागत नाही.

शेवंती_धरमपेठ
२० जानेवारी

मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं दोन वर्षांपूर्वी, त्यांचंही वय ७०च्या वरच. कुठे नेलं ते नाही सांगत, पण रिसॉर्टवाल्याला फोनवर तीनदा बजावून सांगितलं होतं की खोली तळमजल्यावर पाहिजे, हो ताई हो ताई म्हणाला, आणि आम्ही पोचलो तर खोली वरती, लोखंडी गोल जिना. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, बसून बसून एकेक पायरी चढल्या, आणि दोन दिवस खालीच उतरल्या नाहीत. जेवण वरती नेलं मी. सफारीची त्यांची जागा रिकामी गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, त्यांनी नवीन फुल बाह्यांचं स्वेटर विणलं होतं त्यासाठी.

तेव्हा ताई, खोलीचा फोटो मागवा, दाराचा, पायरीचा, आणि संडास कमोडचा आहे ना त्याचा पण. लाजू नका. ओळखपत्र सगळ्यांची मूळ घ्या आणि बुकिंगमध्ये नाव आधारवर आहे तसंच घाला. मोबाईल आतमध्ये चालत नाही, गेटवर ठेवायला लावतात, तेव्हा पोरांसाठी एखादी साधी दुर्बीण घेतलीत तर त्यांचे हात गुंतून राहतील.

धाकट्याला मी तरी जिप्सीत नेणार नाही. त्याच्यासाठी गोरेवाडा करा, काटोल रोडला घरापासून अर्धा-पाऊण तास. बंद बसमधून फिरवतात, वाघ, बिबट, अस्वल, हरणं-नीलगाई सगळ्यांचे वेगळे भाग आहेत, २०२१च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झालं ते. सोमवारी बंद. तिथला वाघ कुंपणातला आहे हे मोठ्यांना माहीत असतं, पण चार वर्षांच्या पोराला काचेतून अस्वल दिसलं की त्याचं जग भरतं. आत्यांनाही बसमध्ये त्रास नाही.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ
२० जानेवारी

थोडंसं माझ्या कामातलं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यापेक्षा तो दुसरा, दुखरा गुडघा जास्त जपा. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, एवढं त्यांच्याकडून घरातल्या पायरीवर चार दिवस करून घ्या म्हणजे जिप्सीपाशी गोंधळ होणार नाही. एका जागी तासभर बसल्यावर पाय पुढे-मागे हलवायचे, घोटा गोल फिरवायचा. पाणी कमी पिऊ देऊ नका, आपल्याकडच्या बायका लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. गेटवर जाऊन यायचं आणि घोट घोट पीत राहायचं.

अजून एक, पोरांना गवतात लोळू देऊ नका. २०१८ साली पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच पेशंट झाले होते, गवतातल्या बारक्या किड्यांपासून होतो तो. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, घाबरायचं कारण नाही, तरी फुल पँट, मोजे आणि घरी आल्यावर अंघोळ एवढं करायचं.

तलावकाठ_गोंदिया
२० जानेवारी

आमच्या गोंदियाकडे पण बघा जी. महाराष्ट्रात सारस आता आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरले आहेत, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच जवळपास. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच पक्षी, लाल मान, जोडीने धानाच्या बांदीत चालत असतो आणि दोघं मिळून आवाज करतात तो दोन शेतं ओलांडून ऐकू येतो. परसवाडा, झिलमिली या तलावांवर दिसू शकतात. पण तुमच्याकडून अंतर फार, एका दिवसात जाऊन येणं आत्यांना जड होईल, म्हणून हट्ट नाही करत. त्यापेक्षा उमरेड रोडला मकरधोकड्याचा तलाव आहे, हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे हंस, तिथे उतरतात. फेब्रुवारीत लवकर गेलात तर सापडतील. गाडीतून उतरून फोल्डिंग खुर्ची टाकायची आणि बसायचं. फक्त काठाच्या फार जवळ जाऊ नका, कळप एकदा उठला की दिवसभर अस्वस्थ राहते.

देवरुखची_लेक
२१ जानेवारी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. शेवंतीताई, तुमच्या सासूबाईंचं स्वेटरचं वाचलं आणि लगेच रिसॉर्टला फोन करून पायरीचे फोटो मागवले. ह्यांना पूर्ण धागा वाचायला दिला, रानवाट दादांचं वाचून गप्प बसले आणि मग म्हणाले हाव, एकच करू. पेंच, सिल्लारी, दोन रात्री, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून. स्टूल आणलंय. आल्यावर लिहीन.

देवरुखची_लेक
१ मार्च

आत्या परवा गेली. घर इतकं रिकामं वाटतंय की काय करावं सुचत नाही म्हणून लिहायला बसले, तसंही लिहीन म्हणाले होते.

आली तीच दोन फणसपोळ्या, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन, आणि स्टेशनवरून येतानाच रस्त्याकडेची काटेसावर फुललेली बघून म्हणाली ही तर आमच्याकडचीच. मग पळस. पळस तिने बघितलेला होता, एखाद-दुसरं झाड, पण मनसर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं नसलेली, नुसती केशरी झालेली झाडंच झाडं लागली तेव्हा तिने गाडी थांबवायला लावली. उतरली, एक फूल उचललं, पोपटाच्या चोचीसारखं लेकीच्या नाकावर धरून बघितलं, आणि पिशवीत वहीच्या पानात घालून ठेवलं.

सफारीचं सांगते. स्टूल कामाला आलं. घरी आधी सराव केलेला त्यामुळे चांगला पाय आधी, दुखरा नंतर, अशी स्वतःच चढली, ड्रायव्हर दादांनी फक्त कोपर धरलं. धाकटा ह्यांच्याबरोबर रिसॉर्टवर राहिला. हळू चालवा म्हटलं तर ड्रायव्हर दादा खरंच हसले, रानवाट दादा, तुम्ही म्हणाला होता तसंच. आणि हळू चालल्यामुळे किती दिसलं म्हणून सांगू. वानरं वर झाडावर पाला खात होती, अर्धा खात होती अर्धा टाकत होती, आणि खाली चितळांचा कळप तो टाकलेला पाला वेचत होता. गाईड म्हणाले यांची दोस्ती आहे, वरून वानराला वाघ आधी दिसतो, खाली चितळाला वास आधी येतो. गवे रस्ता ओलांडून गेले, काळी धिप्पाड अंगं आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, लेक मोजत होती, अकरा.

झाडांवर मात्र आत्या आणि गाईड यांचं जमलं. ऐनाची ती मगरीच्या पाठीसारखी साल गाईड दाखवायला गेले तर आत्या म्हणाली ऐन आमच्याकडे पायलीला पन्नास, पावसाळ्याआधी भाताच्या राबाला, रोपांची जागा भाजायला, त्याचाच पाला. गाईड खूश. मग एका वळणावर एक झाड आलं, पान एकही नाही, बुंधा-फांद्या सगळ्या पांढऱ्याफटक, सालीला थोडी गुलाबी झाक, उन्हं कलती होती त्यात ते उजळून उभं. हे तिला माहीत नव्हतं. तिला माहीत नाही असं झाड मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. गाईड म्हणाले याला कुलू म्हणतात, कोणी भुत्या म्हणतात, रात्री चांदण्यात माणूस दचकतो म्हणून, याचा डिंक काढतात. आत्याने गाडी मागे घ्यायला लावली आणि त्याच्याकडे बघत बसली. मागून एक जिप्सी आली, त्यातल्यांनी विचारलं काय आहे काय आहे, गाईड म्हणाले झाड आहे, तर ते निघून गेले.

वाघ नाही दिसला. पण शेवटच्या अर्ध्या तासात रस्त्यावर ताजं पाऊल होतं, कडा अजून ढासळल्या नव्हत्या, आत्याने वाकून बघितलं आणि म्हणाली हे तर आमच्या बिबट्याच्या दुप्पट आहे. तेवढ्यात नाल्याच्या पलीकडून सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला, ढाँक, एकदाच, थोड्या वेळाने परत. इंजिन बंद केलं. वीस मिनिटं आम्ही सगळे श्वास धरून बसलो, पान पडलं तर ऐकू येत होतं. मग गेटची वेळ झाली आणि निघावं लागलं. लेकीच्या डोळ्यात पाणी. आत्याने तिला जवळ घेतलं, म्हणाली सांबर खोटं बोलत नाही गो, तिथे होता तो. एवढंच बोलली.

रात्री अंगणात खुर्च्या. कोकणात आकाश दिसतं आम्हाला, तरी असं नव्हतं. मृग डोक्यावर, त्याच्या खाली व्याध, कृत्तिकांचा झुपका आत्याने चष्मा लावून मोजला, सहा दिसल्या तिला, लेकीला सात. आत्या सांगत होती की माझे आजोबा पेरणीच्या दिवसांत नक्षत्रं कशी सांगायचे, त्यांचा आवाज कसा होता, आणि बाबा लहान असताना अंगणात झोपायला कसे घाबरायचे. बाबांचं हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. अंधारात माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं ते बरं झालं.

मकरधोकड्याला गेलो, हंस होते, लांबून बघितले. गोरेवाड्याला धाकटा अस्वलाला हात करत होता. सगळं छान झालं, पण मला जे सांगायचंय ते घरचंच आहे.

ती जायच्या चार दिवस आधी सकाळी गॅलरीत चहा पीत बसली होती, मला हाक मारली, हळू ये म्हणाली. आमच्या सोसायटीच्या मागे एक जुना पिंपळ आणि त्याला लागून मोठा शिरीष आहे. शिरीषाच्या फांदीवर दोन राखाडी पक्षी, लांब शेपट्या, वाकडी चोच, चोचीवर लहानसं शिंग. अकरा वर्षं मी इथे कपडे वाळत घालतेय, त्यांची ती किंचाळी रोज ऐकलीय, घार असेल असं वाटायचं. आत्या म्हणाली अगो, हा तर आमच्या गरुडाचा धाकटा भाऊ. राखी धनेश. नराच्या चोचीत पिंपळाचं एक फळ, ते त्याने मादीला दिलं, मग मान झटकून घशातून दुसरं काढलं, तेही दिलं, मग तिसरं. लेक शाळेचा युनिफॉर्म अर्धा घालून दुर्बीण घेऊन धावत आली, तिने मोजली, सात फळं. आत्याने बुंध्यात वर एक ढोली दाखवली. म्हणाली आता थोड्या दिवसांत ती आत जाऊन बसेल, दार लिंपून घेईल, चोच जाईल एवढीच फट ठेवेल, अंडी घालून पिल्लं मोठी होईस्तोवर, आणि हा बाहेरून एकेक फळ आणून भरवेल. याला काही झालं तर आतली सगळी उपाशी. लेकीने विचारलं, मग त्याच्याकडे लक्ष कोणी द्यायचं? आत्या म्हणाली, तू.

आता अडचण अशी की उन्हाळ्याच्या आधी सोसायटीत फांद्या छाटायचं बोलणं चाललंय, शिरीषाचा पाला गाड्यांवर पडतो म्हणून. लेक परवापासून नीट जेवत नाहीये. कुठे अर्ज करायचा, काय लिहायचं, कोणी सांगेल का? लवकर सांगा.

रानवाट_उमरेड
१ मार्च

वाचून खूप बरं वाटलं ताई. भुत्याचं झाड बघायला गाडी मागे घेणारी पाहुणी मी अजून बघितली नाही, आत्यांना नमस्कार सांगा.

अर्ज महानगरपालिकेच्या उद्यान विभागाला करा. शहरातल्या झाडांना १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागतो, परवानगीशिवाय झाडावर करवत नाही चालवता येत, झाड सोसायटीच्या जागेत असलं तरी. आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, त्यात रानपक्ष्याचं घरटं मोडणं, अंडी उचलणं, त्यांना डिवचणं हा गुन्हा आहे. दोन्ही लिहा, ढोलीचा फोटो लांबून काढून जोडा, तारीख टाका, दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का घेऊन या. तीच प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना द्या, पण भांडत जाऊ नका, लेकीला सोबत न्या आणि तिलाच सांगू द्या.

शेवंती_धरमपेठ
२ मार्च

छाटणी नकोच असं म्हणण्याऐवजी पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणा, तोवर पिल्लं उडालेली असतात, लोक ऐकतात. आमच्याकडे बगळ्यांच्या वेळी असंच केलं होतं.

देवरुखची_लेक
२६ मार्च

शिक्का मिळाला. सेक्रेटरी काकांकडे लेक स्वतः गेली, दुर्बीण घेऊन, त्यांना गच्चीवर नेलं आणि दाखवलं. छाटणी जुलैवर गेली, आणि काकांनी त्यांची गाडी त्या झाडाखालून हलवून पलीकडे लावायला सुरुवात केलीये.

मादी चार दिवस दिसली नाही म्हणून काल लेकीने घाबरून आत्याला फोन लावला. नर येतो का, आत्याने विचारलं. येतो, शाळेच्या आधी तीनदा आला. ढोलीचं दार? लेक म्हणाली बंद झालंय, मातीच्या रंगाचं काहीतरी लावलंय, मध्ये उभी फट आहे. आत्याने विचारलं, केवढी गो फट?

माझ्या बोटाएवढी, लेक म्हणाली.